'आम्ही' की 'आपण'? भाषा गेली की नेमकं काय जातं

16 एप्रिल 2025 रोजी महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय काढला. जूनमध्ये तोच थोडा मऊ करून पुन्हा काढला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत सभांमध्ये, वाहिन्यांवर, घराघरांत एक शब्द सारखा ऐकू येत होता: अस्मिता. पण कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाने शांतपणे विचारावं, "भाषा गेली तर नेमकं काय जातं? बोलायला दुसरी असतेच ना?", तर आपण बहुतेकजण अडखळतो. संतांची नावं घेतो, इतिहास सांगतो, आवाज चढवतो. त्याचा प्रश्न होता तिथेच राहतो.

प्रश्न चांगला आहे आणि त्याला साधं, दाखवून देता येईल असं उत्तरही आहे. त्यासाठी कॅनडातल्या क्री लोकांकडे जाऊ. त्यांच्या तोंडातून त्यांची भाषा खरोखरच काढून घेण्यात आली होती. ती परत मागताना त्यांच्यातल्या एकाने जे केलं ते नाटकवेड्या मराठी माणसाला चटकन कळेल: त्याने नाटक लिहिलं.

सुरुवात घरापासून

शेजारी म्हणाले, "आम्ही महाबळेश्वरला चाललोय," तर आपण "मजा करा" म्हणतो. तेच शेजारी म्हणाले, "आपण महाबळेश्वरला जाऊ," तर आपण कपाटातून स्वेटर काढायला घेतो. फरक एका शब्दाचा. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हणजे ऐकणारा आत. ('आपण' आदरार्थीही वापरतात, पण तो वेगळा विषय.) लग्न होऊन आलेली मुलगी 'आमच्याकडे', 'तुमच्याकडे' म्हणता म्हणता एक दिवस सहज 'आपल्याकडे' म्हणून जाते आणि घरातली म्हातारी माणसं ते बरोबर टिपतात. कोणी काही बोलत नाही, पण काहीतरी झालेलं असतं.

इंग्रजीत दोन्हीला 'वुई'. हिंदीत दोन्हीला 'हम'. गुजरातीत आपल्यासारखाच फरक आहे. भाषेचे अभ्यासक म्हणतात की शेजारच्या द्राविडी भाषांच्या सहवासातून तो आपल्याकडे आला. म्हणजे मराठीतली ही इतकी घरगुती गोष्टसुद्धा शेजाऱ्यांकडून आलेली.

ऑनलाइन फॉर्म भरताना काही रकान्यांपुढे लाल चांदणी असते. तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. व्याकरण म्हणजे अशा लाल चांदण्यांची यादी. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 मध्ये हे मांडलं होतं: कुठल्याही भाषेत काहीही सांगता येतं, भाषा वेगळ्या होतात त्या काय सांगावंच लागतं यावर. इंग्रजीतही 'तुला धरून आपण सगळे' असं सांगता येतं, फक्त वाटलं तर. मराठीत तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं की समोरचा माणूस आपला की बाहेरचा. हा निर्णय आपण दिवसातून शंभरदा घेतो आणि घेतोय हे कळतही नाही.

क्री कोण, आणि त्यांच्या लिपीत आपली काय ओळख

क्री हे कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी संख्येने मोठे लोक. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून पूर्वेला जेम्स उपसागराच्या पलीकडेपर्यंत त्यांच्या बोली पसरल्या आहेत. 2021 च्या जनगणनेत क्री बोलू शकणारे सुमारे 86 हजार निघाले. त्या देशात मूळ रहिवाशांच्या सत्तरहून जास्त भाषा आहेत आणि त्यांत ही सर्वांत मोठी. सर्वांत मोठी भाषा आणि बोलणारे एका तालुक्याच्या गावाएवढे.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. 1840 मध्ये नॉर्वे हाउस या ठिकाणी जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने क्रीसाठी लिपी छापात आणली. तिच्यात व्यंजनाला एक आकार असतो आणि तोच आकार चार दिशांना फिरवला की पे, पि, पो, पा असे वेगवेगळे स्वर लागतात. बाराखडीच, फक्त काना-मात्रा लावण्याऐवजी अक्षर वळवायचं. ही कल्पना सुचताना इव्हान्सच्या डोळ्यांपुढे लघुलिपी आणि देवनागरी होती, असं अनेक अभ्यासक मानतात. क्री लोकांची स्वतःची परंपरा मात्र सांगते की ही लिपी त्यांच्यातल्याच एका माणसाला आत्म्यांच्या जगातून मिळाली. लिपी काही वर्षांतच हाताहातांतून हजारो मैल पसरली, हे मात्र निर्विवाद.

क्रीच्या लाल चांदण्या

क्रीमध्ये 'तो' आणि 'ती' असा फरक नाही. दोघांना एकच शब्द. बाई, पुरुष, देव, कोणीही असो. 'आली' की 'आला' हा मराठीतला सक्तीचा रकाना तिथे नाहीच.

त्याऐवजी दुसरा रकाना आहे: सजीव की निर्जीव. प्रत्येक नाम यांपैकी एका गटात आणि क्रियापदही त्याप्रमाणे बदलतं. सजीवाला पाहणं हे एक क्रियापद, निर्जीवाला पाहणं हे दुसरं. माणसं आणि प्राणी अर्थातच सजीव. पण 'असिनी' म्हणजे दगडही सजीव. चिलीम सजीव. स्वयंपाकाचं भांडं सजीव. 'मिस्तिक' या शब्दाचं तर पाहण्यासारखं आहे. त्याचा अर्थ झाड होतो तेव्हा तो सजीव, अनेकवचन 'मिस्तिकवक'. तोच शब्द लाकूड किंवा काठी या अर्थाने आला की निर्जीव, अनेकवचन 'मिस्तिकवा'. कुऱ्हाड पडली की व्याकरण बदलतं. (हे शब्द मैदानी क्री बोलीतले, बोलीप्रमाणे थोडा फरक पडतो.)

आणखी एक. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' याला क्रीत 'किसाकिहितिन' म्हणतात. 'तू माझ्यावर प्रेम करतेस' याला 'किसाकिहिन'. दोन्ही शब्दांची सुरुवात 'कि'ने, आणि 'कि' म्हणजे तू. कोण कोणावर प्रेम करतं ते शेवटच्या प्रत्ययावरून कळतं. पुढे मात्र नेहमी 'तू'. 'मी'चा नंबर नंतर.

नाटकवाल्यांनी कान टवकारावेत अशी चांदणी आता येते. वाक्यात दोन 'तो' असले की आपला घोटाळा होतो. "राजू विनूला भेटला आणि तो रडायला लागला." कोण? क्रीत हा घोटाळा होत नाही. त्या भाषेत दोघांपैकी एकावर प्रकाशझोत असतो आणि दुसऱ्याच्या नावाला एक शेपूट लागतं, 'हा बाजूचा' असं सांगणारं. 'नापेव' म्हणजे पुरुष, 'अतिम' म्हणजे कुत्रा. 'नापेव वापमेव अतिमवा': माणूस कुत्र्याला पाहतो. आता कुत्रा माणसाला पाहतो असं सांगायचं असेल तर काय कराल? 'नापेव वापमिक अतिमवा'. माणूस अजूनही उजेडातच आहे, कुत्रा अजूनही बाजूलाच. फक्त क्रियापदाची दिशा उलटी झाली. गोष्ट कोणाची चालली आहे हे निवेदकाला प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. रंगमंचावर दिवेवाला जे काम करतो ते इथे प्रत्ययांनी होतं.

आणि हो, क्रीत 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक आहे. 'नियनान' म्हणजे आम्ही, 'कियानव' म्हणजे आपण. ते शब्द लक्षात असू द्या.

मग शाळा आली

1880 च्या दशकापासून कॅनडा सरकारने चर्चच्या मदतीने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. 1920 मध्ये कायदा बदलून मुलांना पाठवणं सक्तीचं करता येईल अशी तरतूद झाली. शंभरहून जास्त वर्षांत सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. शेवटच्या शाळा 1990 च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या शाळकरी वयात. मुलांना घरापासून तोडायचं, केस कापायचे, नाव बदलायचं आणि आपली भाषा बोलताना सापडला की शिक्षा. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार आणि मृत्यू यांच्या नोंदी आता सरकारी चौकशीत आलेल्या आहेत. 2015 च्या डिसेंबरात सत्य आणि सलोखा आयोगाने आपला अंतिम अहवाल दिला आणि या सगळ्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटलं.

भाषेच्या अंगाने नेमकं काय झालं ते पाहा. सहा वर्षांचं पोर घरून येताना प्रत्येक वाक्यात दगडाला सजीव म्हणत येतं, 'तू' आधी ठेवतं, गोष्टीतला उजेड सांभाळतं. दहा वर्षांनी ते घरी परत जातं तेव्हा आजीशी बोलायला त्याच्याकडे शब्द नसतात. आजी जिवंत असते, मूलही जिवंत असतं, मधला दोर तुटलेला असतो. त्या मुलाला पुढे मुलं होतात आणि त्यांना द्यायला भाषा उरलेली नसते. बरेचदा द्यायची इच्छाही उरत नाही, कारण त्या भाषेची आठवण छडीशी बांधलेली असते.

या सगळ्यात नाटक कुठून आलं

कादंबरीत लेखक पानभर समजावून सांगू शकतो. नाटकात माणसं बोलतात, एवढंच असतं. कोण कोणाला 'तू' म्हणतं, कोणाच्या 'तुम्ही'चं 'तू' कुठल्या प्रवेशात होतं, यावर मराठीत अख्खी नाटकं उभी राहिली आहेत. भाषेच्या ज्या लाल चांदण्या रोजच्या बोलण्यात दिसत नाहीत त्या नाटकात उघड्या पडतात. शिवाय नाटक एकट्याने वाचत नाहीत. अंधारात दोनशे माणसं एकाच वाक्यावर एकदम हसतात आणि त्या क्षणी त्यांना कळतं की आपण 'आपण' आहोत.

राज्यकर्त्यांना हे नेहमीच कळत आलं आहे. आपल्याकडे इंग्रजांनी 1876 मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. खाडिलकरांच्या 1907 च्या 'कीचकवध'वर 1910 मध्ये बंदी आली, कारण महाभारतातल्या कीचकात प्रेक्षकांना कर्झन दिसत होता. केनियात न्गुगी वा थियोंगो यांनी 1977 मध्ये सत्ताधाऱ्यांवर सडकून टीका करणारी कादंबरी इंग्रजीत छापली, तेव्हा त्यांना कोणी हात लावला नाही. त्याच वर्षी त्यांनी गावकऱ्यांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक केलं. ते बंद पाडलं गेलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गुगींना अटक झाली. पुढचं जवळजवळ वर्ष त्यांनी तुरुंगात काढलं. कॅनडातही मूळ रहिवाशांचे पॉटलॅचसारखे समारंभ 1885 पासून आणि पुढे विधीनृत्यंसुद्धा कायद्याने बंद होती. ही बंदी कायद्यातून गेली 1951 मध्ये.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॅनिटोबाच्या अगदी उत्तरेला, बर्फात ठोकलेल्या एका तंबूत टॉमसन हायवे जन्मले. बारा भावंडांतले अकरावे. वडील शिकारी, मासेमार आणि कुत्र्यांच्या घसरगाडीच्या शर्यतीतले नावाजलेले स्पर्धक. घरची भाषा क्री. सहाव्या वर्षी ते निवासी शाळेत गेले, पियानो शिकले, संगीताची आणि इंग्रजी साहित्याची पदवी घेतली आणि सात वर्षं समाजकार्य केलं. त्या शाळेतली आपली नऊ वर्षं आनंदाची होती, असंही हायवे यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. त्यावर त्यांच्याच लोकांतून वादही झाले. शाळांतल्या अत्याचारांवर कादंबरी लिहिणाराही तोच माणूस. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे मला त्यांच्याकडे पाहून मान्य करावं लागलं.

नानाबुश आला, आली की आलं?

1986 च्या नोव्हेंबरमध्ये टोरोंटोत हायवे यांचं 'द रेझ सिस्टर्स' आलं. मूळ रहिवाशांच्या एका काल्पनिक राखीव वस्तीवरच्या सात बायका 'जगातला सर्वांत मोठा बिंगो' (आपल्या तंबोल्यासारखा आकड्यांचा खेळ) खेळायला टोरोंटोला निघतात. बक्षिसाच्या पैशांतून कोणाला रस्ता पक्का करायचाय, कोणाला संडास बांधायचाय, कोणाला मुलांसाठी बेट विकत घ्यायचंय. नाटक खदाखदा हसवतं आणि मध्येच गळा दाटून आणतं.

त्या सातजणींभोवती एक आठवं पात्र फिरतं: नानाबुश. हा ओजिब्वे या क्रीच्या बहीण-भाषेतला शब्द; क्रीत त्याला वीसाकेचाक म्हणतात. रूपं बदलणारं, खोड्या काढणारं, शिकवणारं, देव आणि माणूस यांच्या मधलं. ख्रिस्ती लोकांत ख्रिस्ताचं जे स्थान, तसंच मूळ रहिवाशांच्या कथांत याचं, असं हायवे लिहितात. नाटकात नानाबुश कधी कुरव पक्षी होतो, कधी रातवा, कधी बिंगो चालवणारा माणूस. इतर बायकांना दिसतो तो नुसता पक्षी. ओळखू येतो फक्त दोघींना: कर्करोगाने आजारी मारी-अडेलला आणि बुद्धीने लहान राहिलेल्या झाबूनिगनला. मारी-अडेल त्या पांढऱ्या पक्ष्याला हाकलते ते क्रीत: "आवस!" चल, हट! बाकी संसाराच्या गोष्टी ती इंग्रजीत बोलते. मरणाशी बोलताना आतली भाषा बाहेर येते.

वरच्या परिच्छेदात मी 'होतो', 'दिसतो' असं लिहून गेलो. तिथेच चूक झाली. नानाबुश पुरुष नाही आणि बाईही नाही, किंवा दोन्ही आहे. क्रीत हे सांगावंच लागत नाही. इंग्रजीत 'ही' की 'शी' हे ठरवावं लागतं आणि हायवे यांनी आपल्या टिपणात यावर मुद्दाम बोट ठेवलं आहे. 1989 च्या पुढच्या नाटकात त्यांनी नानाबुशला बाईच्या रूपांत आणलं.

मराठीत हे करून पाहिलं आणि माझी पुरती अडचण झाली. 'नानाबुश येत आहे' असं लिंगाशिवाय म्हणता येतं, पण ते रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखं वाटतं. बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी 'येतोय' हवं, नाहीतर 'येतेय'. 'आलं' म्हटलं तर लेकरू येतं किंवा भूत. 'येईल' चालतं. जुनं 'येई, नाचे, हसे' चालतं, आजीच्या गोष्टीतलं. म्हणजे बोली मराठीत नानाबुशला लिंगातून मोकळं ठेवायचं तर ते एकतर पूर्वी कधीतरी येत असे, नाहीतर पुढे कधीतरी येणार. 'आत्ताच आलं, बघ' म्हणायला गेलं की मराठी विचारते, बाई की बुवा? हायवे यांचं तर म्हणणं आहे की गोरा माणूस आल्यावर नानाबुश हे खंड सोडून निघून गेल्याचं काहीजण सांगतात, पण नानाबुश आजही इथेच आहे.

एका समाजाचं सर्वांत महत्त्वाचं पात्र दुसऱ्या भाषेच्या दारातून आत येताना आधी कपडे बदलून येतं. भाषा गेली की काय जातं, याचं हे एक अगदी ठोस उत्तर.

"पण त्यांनी तर इंग्रजीतच लिहिलं!"

हा आक्षेप रास्त आहे. 1986 मध्ये लोकांनी पाहिलेलं नाटक मुख्यतः इंग्रजीत होतं, मध्ये मध्ये क्री आणि ओजिब्वे. पण प्रेक्षागृहात कोण बसलं होतं? निवासी शाळांनी ज्यांची भाषा हिरावून घेतली होती ती माणसंही त्यांत होती. संपूर्ण क्री नाटक केलं असतं तर ज्यांची जखम रंगमंचावर मांडायची त्यांनाच ते कळलं नसतं.

2010 मध्ये हायवे यांनी या दोन्ही नाटकांच्या क्री आवृत्त्या प्रसिद्ध केल्या आणि सांगितलं की मूळ नाटकं हीच. आधी आलेली इंग्रजी नाटकं हा अनुवाद होता. पात्रं डोक्यात क्रीत बोलत होती, कागदावर इंग्रजीत उतरली.

कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात याची फ्रेंच बाजू घडून गेली होती. नाटककार मिशेल ट्रॅम्ब्ले यांनी 1968 मध्ये माँट्रियलच्या कामगार बायकांना रंगमंचावर आणलं, त्यांच्या स्वतःच्या ओबडधोबड फ्रेंच बोलीत. शिष्टांनी नाकं मुरडली. त्या नाटकातून हायवे यांना प्रेरणा मिळाली. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्याला आपल्या रंगभूमीवर बराच काळ नोकराची नाहीतर विनोदाची जागा मिळत होती, हे ज्यांना आठवतं त्यांना यातली ओळख वेगळी सांगायला नको.

"मोजा सजीव? मग हे सगळं थोतांडच की!"

हा दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. क्रीत दगड सजीव, हे ऐकून लोक भारावतात: किती निसर्गाजवळची माणसं! पण त्याच क्रीत पायमोजा सजीव आहे. चमचा सजीव आहे. रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव. मग याचा तत्त्वज्ञानाशी काय संबंध?

प्रामाणिक उत्तर असं की प्रत्येक शब्दामागे श्रद्धा शोधू नये. मराठीत चमचा पुल्लिंगी आणि पळी स्त्रीलिंगी आहे म्हणून स्वयंपाकघरात कोणी संसार मांडलेला नाही. भाषा विचारांना कैद करते, अमुक भाषा बोलणाऱ्याला अमुक गोष्ट कळूच शकत नाही, हा दावा अभ्यासकांनी केव्हाच मोडीत काढलाय. क्री माणसाला बाई-पुरुषातला फरक कळतो आणि आपल्याला झाड जिवंत आहे हे कळतं.

पण कैद करणं वेगळं आणि वळण लावणं वेगळं. रोजच्या पायवाटेने कोणाला बांधून ठेवलेलं नसतं, तरी पाय आपोआप तिकडे वळतात. आणि लेखक नेमका अशा वाटांवर काम करतो. मोज्याबद्दल क्री लेखक काही लिहिणार नाही. झाड तोडल्यावर शब्दाचं व्याकरण बदलतं, त्यावर मात्र तो अख्खा प्रवेश रचू शकेल, आणि प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागणार नाही. तो धागा प्रेक्षकाच्या कानात आधीपासून असतो.

एका माफीचं व्याकरण

'एवढ्याशा व्याकरणाने काय होतं' असं अजूनही वाटत असेल तर 11 जून 2008 चा दिवस पाहा. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत निवासी शाळांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. समोर मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी बसले होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी 'आम्हाला खेद आहे' हे इंग्रजी आणि फ्रेंचबरोबर मूळ रहिवाशांच्या तीन भाषांतही म्हटलं. क्रीतला शब्द होता 'निमितातेनान'.

इंग्रजीतला 'वुई' सोयीचा आहे. त्यात सरकार असू शकतं, चर्च असू शकतं, झालं ते वाईट झालं म्हणून हळहळणारे सगळेच असू शकतात, अगदी समोर बसलेलेही. क्रीत अशी पळवाट नाही. शब्दाच्या सुरुवातीला 'नियनान'मधला 'नि' लावायचा की 'कियानव'मधला 'कि' हे ठरवावंच लागतं. 'कि' लावलं असतं तर अर्थ झाला असता, 'आपल्या सर्वांना खेद आहे'. शब्द आला तो 'नि'ने सुरू होणारा. आम्हाला. तुम्हाला धरून नव्हे.

त्या एका अक्षरात अपराध कोणाचा आणि दुःख कोणाचं हे वेगळं झालं. मराठी माणसाला हे पटकन जाणवतं, कारण आपल्याकडेही ती चांदणी आहे. इंग्रजीतून ऐकणाऱ्याला ते ऐकूच आलं नसेल.

"भाषा बदलतातच, पोट कोण भरणार?"

भाषा बदलतात, मिसळतात, काही आपोआप विरतात. मराठीच किती भाषांचं देणं घेऊन उभी आहे. पण माणसाने आपणहून घर बदलणं आणि त्याला घराबाहेर काढणं यात फरक आहे. क्री मुलांनी इंग्रजी निवडली नव्हती.

पोटासाठी मोठी भाषा हवी, हेही खरं. हायवे यांना इंग्रजी आली म्हणून जगाने त्यांचं नाटक पाहिलं. एक भाषा शिकायला दुसरी फेकून द्यावी लागत नाही, एवढं साधं उत्तर पुरे. तीन-चार भाषा बोलणारे लोक आपल्या देशात बाजाराच्या दिवशी कुठेही भेटतात.

आता आपल्या राज्यात

तिसऱ्या भाषेच्या वादात आपण म्हणालो, सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नका. बरोबर म्हणालो. पण गडचिरोलीतल्या गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरातून, मेळघाटातल्या कोरकू घरातून, सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांतून मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्यापुढची परकी भाषा मराठी असते. गोंडी द्राविडी कुळातली आहे आणि कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. ते मूल मराठी बोलायला बिचकतं आणि आपण त्याला 'बुजरं' म्हणतो.

आपल्या आश्रमशाळांची कॅनडाच्या शाळांशी सरसकट तुलना मी करणार नाही. इथे मुलं कायद्याने हिसकावून नेली गेली नाहीत. आश्रमशाळांमुळे शिकलेल्या पिढ्या आहेत आणि जीव ओतून शिकवणारे शिक्षकही आहेत. पण भाषेच्या बाबतीत आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे पाहायला हवं. 2011 च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून जास्त आणि गोंडी बोलणारे 29 लाखांहून जास्त होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या दोन्ही भाषा नाहीत. सुमारे 25 हजार लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली संस्कृत मात्र त्या अनुसूचीत आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं घटनेचा अनुच्छेद 350-अ सांगतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये आपल्याच बळावर गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. सरकारी मान्यता नाही म्हणून ती अनधिकृत ठरली.

नाटक तर याच भागात दणक्यात चालतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटकं होतात, वडसा तिचं मोठं केंद्र. जव्हार-मोखाड्याकडे मुखवट्यांचा बोहाडा निघतो. म्हणजे माणसं आहेत, रात्र जागवणारा प्रेक्षक आहे, सोंग आणण्याची परंपरा आहे. त्या मुलांपैकी कोणी उद्या कोरकूत किंवा माडियात नाटक लिहिलं, तर मराठी अनुवादक त्याच्यापुढे मी नानाबुशपुढे बसलो तसा अडून बसेल. ती अडचण मला हवीशी वाटते.

कारण कोरकूत काय आहे ते पाहा. इंग्रजीत एक 'वुई'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन. कोरकूत 'आपण दोघं' याला वेगळा शब्द, 'आपण सगळे' याला वेगळा, 'आम्ही दोघं' याला वेगळा आणि 'आम्ही सगळे' याला वेगळा. असे चार. धारणीजवळच्या पाड्यावरचं सहा वर्षांचं पोर हे चारही शब्द न चुकता वापरत जूनमध्ये शाळेच्या दारात येतं. वर्गात त्यातले दोन चालतात.